लिहिते हात घडवायचे कोणी?

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. पुत्र सोपानदेव व आप्तांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या ग्रंथरूप झाल्या. निरक्षर माऊलीपाशी सांगण्यासारखे अपार होते. आज तिच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या अनेक तरुणांना मात्र चार सुसंगत परिच्छेद लिहिताना घाम फुटतो. गारपिटीत केळीची बाग आडवी झाली, तर पदवीधर मुलगाही तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याला शोधतो.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. गाइडातील उत्तरे पाठ करायची, परीक्षेत ती उतरवायची, आणि उत्तरपत्रिका शेरा घेऊन परत कधी यायची नाही, ही आपली रीत. आता तर यंत्राला विषय सांगितला की निबंध तयार. त्यातच घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या बोलीला वर्गात हसले जाते. मग तो पाठ केलेल्या वाक्यांआड दडतो.

उपाय मात्र याच भूमीत सापडतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. त्याला छापखाना लागला नाही. वाचक समोर होता आणि मजकूर रोज हवा होता. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती याच सरावलेल्या हाताने टिपून घेतली. समर्थांनीही दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. लेखन ही दैवी देणगीपेक्षा नित्य साधना अधिक आहे, हेच याचे मर्म.

तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने वर्षअखेरच्या गुळगुळीत वार्षिकांकावर समाधान न मानता साप्ताहिक हस्तलिखित भित्तिपत्र सुरू करावे. विषय गावचा बाजार, आटलेली विहीर, आजीची म्हण असे असावेत. पहिला खर्डा बोलीत झाला तरी चालेल. दुसरा प्रमाण मराठीत व्हावा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे पाहून एक पान लिहायला लावावे.

शंभर वह्या कोणी तपासायच्या, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. पण निवृत्त शिक्षक, पत्रकार, ग्रंथालय कार्यकर्ते यांनी दहा-दहा विद्यार्थी वाटून घेतले, तर भार हलका होईल. चूक दाखवून वही परत द्यावी आणि तेच पान पुन्हा लिहून घ्यावे. सारे रहस्य या दुसऱ्या लेखनात आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. तो टिकविण्याचे काम दिल्लीत नव्हे, वर्गावर्गातील वहीत होणार आहे. बहिणाबाईंचे बोल टिपायला घरचे धावले. आजच्या मुलांचे शब्द वाचायला निदान एक तरी वडीलधारा हवा. तो आपण व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.