मोकळ्या जागेचे मोल

शहरात एखादा जमिनीचा तुकडा मोकळा दिसला, की मोठी माणसे त्याला 'रिकामी जागा' म्हणतात. कोणी 'पडीक' म्हणते, तर कोणी 'एवढी मोक्याची जागा नुसती धूळ खात पडली आहे' अशी हळहळ व्यक्त करते. मुलांनो, या सर्व बोलण्यात एक गैरसमज दडलेला आहे. ज्या जागेवर इमारत उभी नाही ती जागा काहीच काम करीत नाही, असे आपण धरून चालतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. नगरातील मोकळी जागा दिवसरात्र राबत असते. तिची राखण करणे हे रस्ते बांधण्याइतकेच किंवा दिवे लावण्याइतकेच नगरपालिकेचे महत्त्वाचे कर्तव्य आहे.

आपल्या खेड्यांना ही गोष्ट पूर्वापार ठाऊक होती. गावठाणाबाहेर गायरान असे, पाणवठ्याची जागा असे, कोठे देवराई असे. गायरानात कोणी घर बांधू लागला तर सारा गाव त्याला जाब विचारी. ती जमीन कोणा एकाची नव्हती, म्हणूनच ती सर्वांची होती. शहरे वाढली, जमिनीला चौरस फुटाच्या हिशेबाने दाम येऊ लागला आणि हे शहाणपण हळूहळू मागे पडले.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. या नगरीची काही मोठी मैदाने तिला तोफांमुळे लाभली, असे म्हटले तर तुम्हांला नवल वाटेल. इंग्रजांच्या किल्ल्यावर शत्रू चालून आलाच, तर तोफांच्या माऱ्यात आड काही येऊ नये, म्हणून तटाबाहेरची जमीन त्यांनी मोकळी ठेवली होती. १८६० नंतरच्या काही वर्षांत तो तट पाडण्यात आला. तोफा गेल्या, परंतु मोकळ्या जमिनीचा बराचसा भाग शिल्लक राहिला. ओव्हल मैदान, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान हे त्याच पट्ट्याचे तुकडे होत. आज आझाद मैदानावर सुटीच्या दिवशी क्रिकेटचे इतके सामने शेजारी शेजारी चालतात की, एका सामन्यातील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातील फलंदाजाच्या पाठीशी उभा असलेला दिसतो! आपला चेंडू कोणता हे त्या मुलांना कसे कळते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

परंतु किल्ल्याबाहेरची इतर वस्ती अशी भाग्यवान नव्हती. मांडवीसारख्या भागांत घराला घर चिकटलेले, मधल्या बोळात दिवसाही अंधार आणि खोल्यांना बाहेरची खिडकीच नाही, अशी अवस्था होती. १८९६ साली याच मांडवीत प्लेग प्रकट झाला आणि पाहता पाहता शहरभर पसरला. हजारो माणसे दगावली. लाखो शहर सोडून गेली. प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो, हे त्या वेळी कोणाला नीटसे ठाऊक नव्हते. दूषित हवा आणि दाटीवाटीची घरे हेच रोगाचे मूळ, असा बहुतेकांचा समज होता. रोगाचे कारण सांगण्यात ते चुकले असतील; परंतु प्रकाश आणि वारा यांवाचून माणूस निरोगी राहू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

शहर सुधारण्यासाठी सरकारने १८९८ साली 'मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नावाची संस्था स्थापन केली. या संस्थेने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. माटुंग्याची पाच उद्याने त्याच आखणीतील आहेत. आधी रस्ते, झाडे आणि बागा यांच्या जागा ठरवावयाच्या आणि मग घरे बांधावयाची, असा तो क्रम होता. आपल्याकडे पुष्कळदा नेमका याच्या उलट क्रम असतो. अर्थात या संस्थेच्या कामाला दुसरीही बाजू होती. तिने जुन्या वस्तीतील घरे पाडली, तेव्हा तेथील गरीब बिऱ्हाडांची सोय वेळेवर लागली नाही आणि ती शेजारच्या चाळींत जाऊन अधिकच दाटीने राहू लागली. कोणाला बेघर करून काढलेल्या बागेला मी चांगली बाग म्हणणार नाही.

या संस्थेचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा मोठ्या हिरिरीने पुरस्कार केला. तो 'साडेत्रेसष्ट अंशांचा नियम' म्हणून ओळखला जातो. तुम्ही भूमिती शिकता, तेव्हा तो समजण्यास कठीण नाही. आपल्या घराच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा कल्पावी. त्या रेषेने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान निम्मी तरी मधली जागा रुंद असावी. इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये २० फूट अंतर हवे. असे केले म्हणजे तळमजल्यावरील बिऱ्हाडालाही आकाश दिसते.

हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी तो शिळा झालेला नाही. मुंबईतील गोवंडी-मानखुर्द भागात, विस्थापित कुटुंबांसाठी अलीकडच्या काळात ज्या वसाहती बांधल्या, त्यांपैकी नटवर पारेख वसाहतीत सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून सुमारे ३ मीटर अंतरावर उभ्या आहेत. एक मजला ३ मीटर धरला तर सात मजल्यांची उंची २१ मीटर होते. वरील नियमाने मध्ये किती अंतर हवे होते, ते तुम्हीच काढून पाहा. या भागातील वसाहतींचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत ऊन आणि वारा पोहोचत नाही, तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळते, असे त्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा दोन भिंतींमधील काही हातांची रिकामी पोकळी हीसुद्धा एक प्रकारचे औषधच आहे.

मोकळी जमीन आणखीही एक काम मुकाट्याने करीत असते. पावसाचे पाणी मातीत मुरते. सिमेंट-काँक्रीटवर पडलेले पाणी मात्र वाहत सखल भागाकडे धावते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस कोणतेही मैदान पिऊन टाकू शकले नसते, हे खरे. परंतु नदीकाठची जमीन आणि खाजण यांवर भराव घातला, म्हणजे पाण्याला पसरण्यास जागा उरत नाही आणि ते आपल्या घरात शिरते.

नगरात प्रत्येक माणसामागे किती मोकळी जागा असावी? केंद्र सरकारने २०१४ साली नगररचनेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दर माणशी १० ते १२ चौरस मीटर हे प्रमाण सांगितले आहे. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीहून किंचित मोठा तुकडा. मागणी काही अवाजवी नाही. तरीही मुंबई या प्रमाणाच्या जवळपासही पोहोचत नाही.

हे प्रमाण प्रत्यक्षात आणण्याचा मार्ग म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला आपल्या शहराचा आराखडा तयार करावा लागतो. कोठे शाळा, कोठे दवाखाना, कोठे बाजार आणि कोठे क्रीडांगण, हे त्यात आधीच ठरवून जागा राखून ठेवतात. यालाच आरक्षण म्हणतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांकडे सोपविता येतील अशा १८ विषयांची यादी राज्यघटनेत आली. तिच्यात नगररचनेचा उल्लेख अगदी प्रारंभी असून उद्याने व क्रीडांगणे यांचाही स्पष्ट निर्देश आहे.

परंतु नकाशावर रंग भरला म्हणजे क्रीडांगण झाले, असे नव्हे. राखून ठेवलेली जमीन बहुधा कोणाच्या तरी मालकीची असते. तिचा मोबदला देऊन नगरपालिकेने ती ताब्यात घ्यावी लागते. दहा वर्षांत तसे झाले नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही नगरपालिका हलली नाही, तर ते आरक्षण संपुष्टात येते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. स्वतःची जमीन वापरता येत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत, अशी कोंडी कोणी किती काळ सोसावी? माझा राग मालकावर नाही. दहा वर्षे स्वस्थ बसणाऱ्या कारभारावर आहे. सुशोभित कमानी आणि कारंजी यांना पैसा मिळतो, आणि खेळाच्या जमिनीची वेळ आली की तिजोरी रिकामी असल्याचे सांगण्यात येते!

खरा कसोटीचा प्रसंग येतो तो मात्र निराळाच. मोकळ्या जागेवर कोणी मद्याचे दुकान काढू लागला, तर सर्वजण विरोध करतील. पण तेथे रुग्णालय बांधावयाचे आहे, असे कोणी म्हटले तर? बंगळूरमध्ये असेच घडले. राजमहल विलास नावाच्या वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९९१ साली निकाल लागला, की उद्यानाची जागा अशी देता येणार नाही.

रुग्णालयापेक्षा बाग श्रेष्ठ असे कोणी म्हणेल काय? मुळीच नाही. परंतु रुग्णालय मजल्यावर मजला चढवून वाढविता येते. क्रीडांगणाला दुसरा मजला नसतो. रुग्णालयाची गरज असेल, तर आराखड्यात त्यासाठी वेगळी जागा राखावी. मोकळ्या जागेवर इमारत एकदा उभी राहिली, म्हणजे ती पाडून पुन्हा मैदान केल्याची उदाहरणे फार क्वचित आढळतात.

नवा आराखडा तयार झाला, म्हणजे नगरपालिका तो लोकांना पाहावयास खुला ठेवते आणि ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागविते. हरकत लेखी असावी लागते. ती कोणाही व्यक्तीला देता येते, असे कायदा म्हणतो. व्यक्ती किती वर्षांची असावी, हे तेथे लिहिलेले नाही. तेव्हा तुमच्या गावाचा आराखडा खुला होईल, त्या वेळी घरातील वडीलमंडळींना घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत जावे, भिंतीवरील नकाशात आपली शाळा शोधावी आणि तुम्ही जेथे रोज खेळता, ती जागा तेथे कोणत्या रंगाने दाखविली आहे, ते नीट पाहून घ्यावे.