वाहनाची निगा : साखळी बदलताना

मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी कुरकुर ऐकू येऊ लागली, की पुष्कळ जण साखळी घट्ट करून घेतात व निश्चिंत होतात. परंतु वाचकहो, साखळी सैल होते ती पोलाद ताणले जाते म्हणून नव्हे. प्रत्येक दुव्यातील खिळी व तिच्याभोवतालची नळी एकमेकींवर घासून झिजतात. एका दुव्यातील झीज केसाएवढी असली, तरी शंभरेक दुव्यांची मिळून साखळी लांबते. मग तिचा दातेरी चाकांशी मेळ बसत नाही आणि दाते आकड्यासारखे वाकडे झिजतात.

अशा दात्यांवर नवी साखळी चढविली, तर तीही लवकरच निकामी होते. म्हणून साखळी, पुढचे लहान दातेरी चाक व मागचे मोठे, ही तिन्ही एकदमच बदलावीत.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून, मागच्या दातेरी चाकाच्या पाठीमागच्या टोकाशी साखळी मागे ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा पडला, तर तिचे आयुष्य सरले असे समजावे.

हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे रोलर साखळी सिद्ध केली. मूळ रचना आजही तीच आहे. टिकाऊपणात मात्र भर पडली आहे. ‘ओ-रिंग’ साखळीत खिळीच्या दोन्ही टोकांशी रबरी कड्या असतात. त्यांमुळे आतले ग्रीस आतच राहते व धूळ बाहेर राहते. किंमत अधिक पडते, पण ती साध्या साखळीहून पुष्कळ अधिक चालते. दातेरी चाके पोलादाची घ्यावीत. ॲल्युमिनियमची हलकी असतात, पण लवकर झिजतात.

मापात तडजोड नको. ४२८ क्रमांकाच्या साखळीत दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच, तर ५२० मध्ये पाच अष्टमांश इंच असते. क्रमांक व दात्यांची संख्या वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. ओ-रिंग साखळी किंचित रुंद असते. ती आवरणाला घासत नाही ना, हेही पाहावे. जोडकडीला क्लिप असल्यास तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवावे. सफाई रॉकेलच्या फडक्याने करावी. पेट्रोलने रबर खराब होते.

धावत्या वाहनाची साखळी तुटून अडकली, तर चाक जागीच थांबू शकते. मागे बसलेल्या आपल्या माणसाचा भार त्या साखळीवर आहे, हे खरेदीच्या वेळी आठवावे.