वर ऊन पाणी, खाली विस्तव

रोममधील काराकल्लाच्या स्नानगृहांचे अवशेष पाहावयास जाणाऱ्याचे डोळे प्रथम भिंतींच्या उंचीवर खिळतात. इ. स. 216 च्या सुमारास सुरू झालेली ही स्नानगृहे सामान्य नागरिकांसही खुली होती, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच वास्तूच्या पोटात बोगदे आहेत. तेथे गुलाम लाकडे वाहून आणीत आणि भट्ट्या पेटत्या ठेवीत. इतिहासकार बहुधा वरच्या दालनांतच रमतात.

आपल्या वाशीमकडे तरी आपण कसे पाहतो? हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पद्मतीर्थाचा अभिमान येथील माणसाला आहे, आणि तो असावा. मात्र या राजधानीने स्वतःविरुद्धची एक साक्षही मागे ठेवली आहे. ती म्हणजे चौथ्या शतकातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा, येथे 1939 साली उजेडात आलेला ताम्रपट. राजवंशाची थोरवी त्यात संस्कृतात आहे. ब्राह्मणांस दिलेल्या गावाच्या सवलती मात्र प्राकृतात. आणि त्या सवलती कोणत्या? गावात शिपायांनी शिरू नये. फुले व दूध घेऊ नये. मिठासाठी खणू नये. कातडी आणि कोळसा मागू नये.

दानाच्या गावाला ही सूट, म्हणजे उरलेल्या गावांवर हा सारा भार होता. राजाच्या औदार्याचे हे पत्र म्हणजे रयतेच्या पिळवणुकीची यादीच होय! वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी वाकाटकांचे लेख परिश्रमपूर्वक संपादिले. त्यांतील कोळसा पाडणाऱ्याचा आणि कातडी देणाऱ्याचा शोध घेणे हे आता आपले काम आहे.

आपल्या समाजाने तर रोमच्याही पुढे मजल मारली. येथे श्रम करणाऱ्याला पाणी शिवण्याचीच बंदी झाली. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते, तरीही 20 मार्च 1927 रोजी त्यातील ओंजळभर पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय मिळावयास 1937 साल उजाडले. तीर्थमाहात्म्यांच्या पोथ्यांत तळ्यांची पुण्ये मोजलेली असतात, काठावरून हाकललेल्यांची संख्या नसते.

ताम्रपटातील सवलतींची ती यादी सोप्या मराठीत करून पद्मतीर्थाच्या काठी दगडावर कोरावी, अशी मागणी वाशीमच्या कार्यकर्त्यांनी नगरपरिषदेकडे लावून धरावी. तिचा खर्च एका स्वागतकमानीहून खचितच कमी येईल.