घर कोणाचे?

हिंदू विवाह कायदा, १९५५ अन्वये न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा झाला, म्हणजे विवाह मोडला असे नव्हे. एकत्र राहण्याचे बंधन तेवढे सुटते. पत्नी पत्नीच राहते आणि पतीने मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर ती पहिल्या वर्गाची वारसही असते. मात्र हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर कलम १३(१अ) खाली दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. तो मिळाला, की पत्नीचा वारसाहक्क संपला.

स्त्रीधन तिचेच, विभक्त पत्नीला ते मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. पण घराचे काय? माधवनगरातील एखाद्या घरी यंत्रमाग पतीच्या नावावर असतो, कांड्या भरायला पत्नी बसते, आणि त्या मिळकतीतून उभ्या राहिलेल्या घराच्या उताऱ्यावर नाव लागते एकट्या पतीचे. अशा घरात तिला वाटा नाही. कलम २५ ची पोटगी मागावी, इतकेच.

विज्ञानेश्वराने मिताक्षरेत स्त्रीधनाचा अर्थ वारसा, खरेदी, वाटणीपर्यंत विस्तारला होता. त्या परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाने इतके संकुचित राहावे? शेजारच्या गोव्यात, वेगळा करार नसेल तर, विवाहाबरोबर मालमत्ताही सामाईक होते. समान नागरी कायद्याची मागणी आम्ही करतो, ती केवळ इतरांकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे. संसार कायमचा मोडल्यास पतीच्या स्थावरात पत्नीला वाटा देणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. पुढील वर्षी लोकसभेबरोबर ते बारगळले. ते पुन्हा आणावे. तोवर भगिनींनी विभक्ततेच्या वेळीच घराचा हिस्सा लेखी ठरवून घ्यावा.