माहीत नाही म्हणायला लाजू नका



चंद्रपूर जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांची मुलगी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाली. सरकारी वीज कंपनीच्या परीक्षेत थोड्या गुणांनी हुकली. आता एका खासगी वीज केंद्राचे बोलावणे आले आहे. आधी अभियोग्यता चाचणी, मग मुलाखत. ताई लिहितात, "पोरगी हुशार आहे, पण पेपर समोर आला की तिला काही सुचत नाही. घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली आहेत. ही संधी गेली तर तिला पुन्हा कोणी बसू देणार नाही."

ताई, मी तीस वर्षे अशाच एका केंद्रात पाळ्या केल्या. म्हणून अनुभवाचे तेवढेच सांगतो.

अभियोग्यता चाचणीला लोक उगाच भितात. ज्यांच्या घरात थोरल्या भावाने, मामाने असे पेपर दिलेले असतात, त्यांना प्रश्नांची तोंडओळख लहानपणीच होते. आपल्या मुलीला तो प्रश्न परीक्षेच्या खोलीतच पहिल्यांदा भेटतो. मग हात कापणारच. यावर औषध एकच, सराव. रोज एक तास, समोर घड्याळ ठेवून.

प्रश्न कसे येतात ते पाहा. लहान चाकाला २० दाते, मोठ्याला ६०. लहान चाक मिनिटाला ३०० फेरे घेते, तर मोठे किती? दाते तिप्पट, म्हणून फेरे तिसरा हिस्सा, म्हणजे १००, आणि उलट दिशेने. दोघांच्या मध्ये तिसरे चाक बसवले तर दोन्ही एकाच दिशेने फिरतात. हे पाठ करू नका. सायकल उलटी करून पायडल फिरवा. तिथे दात्यांमध्ये साखळी असते म्हणून दिशा बदलत नाही, पण दाते आणि फेरे यांचे नाते डोळ्यांना दिसते.

दुसरा प्रश्न. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालला तर किती युनिट वीज होईल? ५ लाख किलोवॅट गुणिले २४, म्हणजे १ कोटी २० लाख युनिट. प्रत्यक्षात ९० लाख झाली, तर क्षमतेच्या किती टक्के? ७५. गणित सातवीचेच आहे, शब्द तेवढे केंद्रातले आहेत. ते शब्द ओळखीचे झाले की निम्मी भीती जाते.

चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हे जाहिरातीत नीट वाचा. समजा पाच पर्याय आहेत आणि प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. डोळे मिटून पाच प्रश्नांवर खुणा केल्या तर सरासरी एक बरोबर येईल आणि चार चुकतील. एक गुण आला, एक गेला, हाती शून्य. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळले, तर उरलेल्या तिनांतून निवडणे फायद्याचे. काहीच कळत नसेल तर पुढे चला. एका प्रश्नाला चिकटून बसणारा उमेदवार शेवटचे दहा सोपे प्रश्न घालवतो.

आता मुलाखत. केंद्र सरकारने कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. खासगी केंद्रांत मात्र त्या होतात. तिथे जाताना त्या केंद्राची माहिती हवी. संच किती, केवढे, पाणी कुठून येते? चंद्रपूरच्या सरकारी केंद्रात २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण २९२० मेगावॅट. कोराडीला ६६० मेगावॅटचे संच आहेत, आणि त्यांच्या बॉयलरला ड्रम नसतो. तिथे जाऊन ड्रमची पातळी सांगत बसलात तर हसे होईल.

कोळशापासून तारेपर्यंतची वाट मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. गिरणीत कोळशाची भुकटी होते, ती बॉयलरमध्ये जळते, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्राला फिरवते. वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि बॉयलरकडे परत जाते. धुरातली राख चिमणीच्या आधीच पकडतात. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे का घेते? दोन ध्रुवांचे जनित्र एका फेऱ्यात एक आवर्तन देते. सेकंदाला ५० आवर्तने हवीत, म्हणजे मिनिटाला ३०००. इलेक्ट्रिशियनला हे हमखास विचारतात.

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या मुलाखतीत मला विचारले, "कंडेन्सरमध्ये निर्वात कशासाठी ठेवतात?" मला येत नव्हते. गप्प राहणे कमीपणाचे वाटले म्हणून दोन मिनिटे काहीबाही बोललो. समोरचे वयस्कर साहेब शांतपणे म्हणाले, "इथे थाप मारलीस, फार तर नोकरी जाईल. उद्या काटा न बघता वहीत आकडा लिहिलास, तर कुणाचा तरी जीव जाईल." ती नोकरी मला मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा अडलो, तेव्हा म्हणालो, "साहेब, हे मला माहीत नाही, पण शिकायची तयारी आहे." तिथे घेतले.

पुढे काम करताना त्याचा अर्थ कळला. काटा अचानक खाली गेला तर काय कराल, असे विचारतात. शूर माणूस लगेच झडप फिरवतो. केंद्राला हवा असतो तो दुसरा काटा पाहणारा, नियंत्रण कक्षाला कळवणारा, दिसले तेच सांगणारा माणूस. तसेच परमिट हाती आल्याशिवाय, पुरवठा तोडून, तपासून, अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावणार नाही, हे मुलीने ठामपणे सांगावे. "साहेबांनी घाई केली तर?" असे विचारले तरी उत्तर बदलू नये.

"मुलगी रात्रपाळी करील का?" हा प्रश्न येईलच. त्याचे उत्तर आधी घरात ठरले पाहिजे, ताई. तिला खोलीत एकटीने द्यावे लागू नये.

कागदपत्रांची फाईल आजच लावा. आयटीआयची गुणपत्रिका, शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र, आणि सरकारी जागेसाठी पुन्हा अर्ज करणार असाल तर जात वैधता. ऐनवेळी धावून ती मिळत नाही. विहारात संध्याकाळी चार मुले एकत्र बसून एकमेकांची मुलाखत घेऊ शकतात. चहापलीकडे खर्च नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. वीज हा विषयही त्याच खात्याकडे होता. देशाला भरपूर आणि स्वस्त वीज हवी, हा आग्रह त्यांनी तेव्हा धरला. त्या विजेच्या कामावर आपल्या लेकीचा हक्क आहे.

तेव्हा ताई, सोयरीक सहा महिने थांबू द्या. पोरीच्या हाती घड्याळ आणि वही द्या. निकाल काही लागो, आम्हाला जरूर कळवा.

जयभीम.