गाडीचेही पडिलेहण



आज थोडा वेगळा विषय आहे. शीर्षक वाचून काहींना हसू येईल. पडिलेहण साधू-साध्वींचे, वस्त्र-पात्रांचे. गाडीचे कुठून आले? पण आश्विनातल्या एका पहाटेपासून हा विचार डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

यंदा चातुर्मासात आम्ही दोघांनी दिशा परिमाण घेतले होते. आषाढी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत नगरच्या बाहेर जायचे नाही. आजारपण आणि मरण यांचा आगार ठेवला होता. स्थानक घरापासून चालत पाच मिनिटांवर, भाजी दारात, त्यामुळे गाडी लागलीच नाही. आमची गाडी सोळा वर्षांची. तिच्यावर कव्हर घातले आणि विसरून गेलो. व्रत नीट चालले आहे याचे मनात समाधानही होते.

त्या दिवशी पहाटे पाचला मी सामायिकाला बसणार, तेवढ्यात श्रीरामपूरहून फोन आला. यांच्या मोठ्या बहिणीची, आमच्या ताईंची, तब्येत एकदम खालावली होती. भाचा म्हणाला, "मामी, आई शुद्धीवर आहे, सगळ्यांना ओळखते आहे. तुम्हा दोघांची आठवण काढते. लवकर या." ताई आणि माझ्यात वाटणीच्या वेळी चार शब्द वाकडे झाले होते. दर संवत्सरीला फोनवर खमत-खामणा व्हायचा, पण समोरासमोर हात जोडून कधी झाला नव्हता. आगार होताच. आम्ही दहा मिनिटांत तयार झालो.

गाडीचे कव्हर काढले, रिमोट दाबला, काहीच नाही. यांना वाटले रिमोटचा सेल गेला. दुकाने उघडायला वेळ होता, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा बटण-सेल काढून आणला. तो बसवण्यात अर्धा तास गेला. तरी गाडी गप्पच. मग किल्ली दाराच्या भोकात घातली, तर ती अर्धीच फिरेना. वर्षानुवर्षे आम्ही रिमोटनेच दार उघडत होतो; त्या भोकात धूळ बसून ते आखडले होते. यांनी त्यात खोबरेल तेल सोडले, जोर लावला, किल्ली वाकली. पुण्याहून मुलगा फोनवर सूचना देत होता. शेजारचे भाऊ उठून आले. काच फोडायची का, यावरही बोलणे झाले. सात वाजून गेल्यावर भाऊच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला गाडी उघडायची आहे की श्रीरामपूरला जायचे आहे? चला, माझ्या गाडीत बसा."

आम्ही नऊच्या पुढे पोहोचलो. ताईंची शुद्ध आठच्या आधीच गेली होती. मी त्यांचा हात हातात घेऊन खमत-खामणा केला. नवकार म्हटला. त्यांनी ऐकले की नाही, ते केवळी जाणे. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आठवड्याने मेकॅनिक आला. पुढच्या दाराकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. दुसरी किल्ली मागितली, डिकीच्या भोकात घातली, आणि डिकी उघडली! मागची सीट पाडून आत शिरला आणि दाराचे बटण वर ओढले. पाच मिनिटांचे काम. मी तिथेच पायरीवर बसले.

मग मी त्याला विचारून सगळे समजून घेतले. रिमोट फक्त खूण करतो; दारातली मोटर चालते ती गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. ती उतरली असेल तर रिमोटला कितीही नवे सेल घाला, उपयोग नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म यांना थोडी वीज लागतेच. मी कॉमर्सची, मला हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही. साधारण 40 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर खर्च. आमची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. जमा शून्य, रोज एक नावे. म्हणजे महिना-सव्वा महिन्यात खाते रिकामे. आमची गाडी तीन महिने उभी होती. बॅटरीने दगा दिला असे आम्ही म्हणत होतो, पण पासबुक आम्हीच पाहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट कळली. त्या पहाटे दार उघडले असते तरी गाडी चालू झालीच नसती. बॅटरी इतकी उतरली की धक्का मारूनही इंजेक्शनची गाडी सुरू होत नाही, कारण तिच्या पेट्रोल पंपालाही वीज लागते. म्हणजे दोन तास आम्ही कुलपाशी झटापट करत होतो ती 'आपल्या' गाडीसाठी. शास्त्रात परिग्रहाचा अर्थ मूर्च्छा असा सांगितला आहे. व्याख्यानात शंभर वेळा ऐकले होते. मूर्च्छा कशी असते ते त्या अंगणात कळले.

बॉनेट उघडल्यावर आत उंदराचे घरटे निघाले. नशिबाने पिले नव्हती. चालू झाली असती गाडी, तर? साधू-साध्वी दिवसातून दोनदा आपली उपकरणे निरखून पाहतात, ती यासाठीच. त्यांच्याकडे मोजक्याच वस्तू, म्हणून ते होते. आपण वस्तू वाढवतो आणि पाहणे सोडून देतो. माझे स्पष्ट मत असे झाले आहे, की जिचे पडिलेहण आपल्याने होत नाही ती वस्तू घरात ठेवू नये. ठेवायची तर तिची जयणा पाळावी.

मुलगा म्हणतो, विकून टाका, लागेल तेव्हा टॅक्सी बोलवा. त्यात तथ्य आहे, आम्ही विचार करतो आहोत. सून म्हणते, नवी घ्या, बिनकिल्लीची. ते मला पटत नाही. त्या गाड्या तर बॅटरीवर जास्तच अवलंबून. त्यांच्याही रिमोटच्या पोटात बहुधा एक लोखंडी किल्ली लपवलेली असते आणि हँडलपाशी झाकणाखाली भोक असते. किती जणींना ते माहीत आहे?

आणि हे मी बायकांनाच विचारते. घरातल्या डब्यात किती डाळ उरली ते आपल्याला डोळे मिटून सांगता येते, पण गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे ते 'यांना' विचारावे लागते. हे आता पुरे.

मी स्वतःपुरता नियम केला आहे. दर पक्खीला, प्रतिक्रमणाच्या आधी, दिवसाउजेडी गाडी बघायची. किल्लीनेच दार आणि डिकी उघडायची. भोकात तेल घालायचे नाही, त्यावर धूळ चिकटते. ग्राफाइटची पूड घालायची. बॉनेट उघडून जीवजंतू पाहायचे, मग वीस-पंचवीस मिनिटे गाडी फिरवायची. जागेवर दोन मिनिटे चालू ठेवून बॅटरी भरत नाही. महिनाभर गाडी लागणार नसेल तर 10 नंबरच्या पान्याने वजा बाजूची वायर सोडून ठेवायची. पण त्याआधी किल्लीने दार उघडते ना, ते पाहायचे. नाहीतर बॉनेट बंद केल्यावर पुन्हा आमच्यासारखी गत.

बॅटरी अखेर बदलली. जुनी दुकानदाराला परत दिली, कारण तिच्यातले शिसे आणि आम्ल मातीत जाणे हाही हिंसेचाच भाग.

आणि एक सांगते. ज्यांच्याशी खमत-खामणा फक्त फोनवर उरकला आहे, त्यांच्याकडे गाडी चालू आहे तोवर जाऊन या.

मिच्छामि दुक्कडं.