सुपरबाइक घ्यावी काय?

गेल्या आषाढांत अकोल्यास एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं आमचा चार दिवस मुक्काम झाला. घर तीन भावांचें, एकाच चुलीवरचें. लहानथोर मिळून चौदा माणसें. धाकट्या भावाचा मुलगा पुण्याच्या एका संगणक कंपनीचें काम घरीं बसूनच करतो. दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपून मंडळी ओसरीवर बसली असतां त्यानें विषय काढला.

"काका, मला हायाबुसा घ्यायची आहे. निम्मे पैसे माझे साठलेले आहेत, निम्म्यांचें कर्ज काढतों. तुमची संमति तेवढी हवी."

थोरले काका सुपारी कातरीत होते. "किंमत काय रे तिची?" त्यांनीं विचारलें. मुलानें आंकडा सांगितला. माजघरांत भांडीं विसळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

त्या ओसरीवर मध्यरात्रीपर्यंत जो वाद झाला तो त्या एका घरापुरता नाहीं. नोकरीस लागलेला मुलगा, हातीं खेळणारा पैसा आणि एकत्र संसार हीं तिन्ही जेथें आहेत तेथें तो आज ना उद्यां व्हावयाचाच. म्हणून या महिन्याचें हें पान आम्हीं त्यासाठींच राखून ठेविलें आहे.

पुष्कळ वडील मंडळींच्या समजुतीनें मोटारसायकल ही एकच जात आहे, आणि तेथेंच बोलण्याचा घोंटाळा होतो. आपल्याकडे गल्लोगल्लीं दिसणारी स्प्लेंडर घ्या. तिच्या इंजिनाचें आकारमान सुमारें ९७ सी.सी., वजन ११२ किलो आणि शक्ति आठ अश्वबळांच्या आसपास. सुजुकीची हायाबुसा १३४० सी.सी.ची, २६६ किलो वजनाची आणि १९० अश्वबळांची. तिचा वेग ताशीं तीनशें किलोमीटरच्या उंबरठ्यावर पोंचला कीं यंत्रच त्यास आवर घालतें. तेव्हां एकीस गाडी म्हटलें तर दुसरीस निराळें कांहीं नांव द्यावयास हवें. २००४ सालच्या 'धूम' चित्रपटानें हिचें वेड घरोघर पोंचविलें. ज्यांनीं तो शाळकरी वयांत पाहिला तेच आज कमावते झाले आहेत.

आतां पैशाचें पाहूं. २०२१ सालीं या गाडीची नवी आवृत्ति आपल्या देशांत आली तेव्हां दुकानांतली किंमत १६ लाख ४० हजार रुपये होती. पुढें ती चढलीच आहे. त्यावर रस्ताकर आणि विमा निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारनें ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणिला, आणि त्यापुढील गाड्यांवर सरळ ४० टक्के बसविला. म्हणजे सरकारच्या हिशेबीं ३५० च्या अलीकडची गाडी ही गरज, पलीकडची चैन. सरकारची प्रत्येक वर्गवारी आम्हांस पटते असें नाहीं, परंतु ही पुष्कळशी पटते.

काकांनीं मात्र हिशेब आपल्या पद्धतीनें केला. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये. त्या दरानें १६ लाख ४० हजार म्हणजे दोनशें दोन क्विंटल कापूस! कोरडवाहू जमिनींत एकरीं पांच क्विंटल धरले तर चाळीस एकरांचें सबंध पीक, आणि तेंही बीं, खत, फवारणी, वेंचणी यांचा खर्च न वजा करितां. "चाळीस एकर आपल्या आजोबांपाशींही नव्हते," काका म्हणाले. यावर मुलगा हंसला, पण थोडा ओशाळलाही.

कर्जाचा हिशेब त्याहून बोलका आहे. आठ लाख वीस हजार रुपये साडेदहा टक्के व्याजानें पांच वर्षांत फेडावयाचे म्हटले तर हप्ता दरमहा साडेसतरा हजारांवर जातो. तो मुलगा भरील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्याची धाकटी बहीण पुढील वर्षीं अमरावतीस महाविद्यालयांत जाणार आहे, आजीच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, आणि घरखर्चास तो आज जें देतो त्यांत कपात न करतां हा हप्ता कोठून निघणार हें त्यानें सांगितलें नाहीं. शिवाय पुढचें-मागचें टायर बदलावयाचें तर तीस-चाळीस हजार एका वेळीं जातात, आणि जोरानें हांकणाराचीं टायरें लवकरच झिजतात. खरेदीची किंमत एकदां बोचते, ही वरचेवर बोचते.

बरें, एवढें करून ती हांकावयाची कोठें? हा प्रश्न आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कोणी विचारीत नाहीं. अकोलेकरांस रस्त्याचा अभिमान आहे व तो रास्तही आहे. २०२२ च्या जून महिन्यांत अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीची डांबरी पट्टी घालून जागतिक विक्रम झाला. मुलानें अर्थातच हा दाखला दिला. पण त्याच चौपदरी रस्त्यांसाठीं केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनें मोटारसायकलीस मर्यादा घातली ती ताशीं ८० किलोमीटरची. हायाबुसा पहिल्याच गिअरांत शंभरीच्या पुढें जाते! उरलेले पांच गिअर देवापुढें ठेवावयाचे काय? खरोखर मोकळा, सरळ रस्ता म्हणजे नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग. आपल्याच अमरावती-वाशीम जिल्ह्यांतून तो जातो, आणि त्यावर दुचाकीस मुळीं प्रवेशच नाहीं. उरतो तो टिळक रोड, आणि तेथील सायंकाळची गर्दी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको. वैशाखांत पारा पंचेचाळिशीवर असतां तेवढ्या मोठ्या इंजिनाची धग मांड्यांशीं घेऊन, अंगांत जाड जाकीट आणि डोक्यास शिरस्त्राण घालून त्या गर्दीत उभें राहण्यास तपश्चर्या म्हणावें कीं चैन?

वऱ्हाडांत वेगाचें वेड नवें नाहीं. शंकरपटासाठीं बैलजोडी राखणारे शौकीन आपल्या वडिलांनीं पाहिले आहेत. पटाच्या जोडीस घरचें तूप-दूध मिळे, पण तिला कोणी वखरास जुंपीत नसे कीं बाजारास नेत नसे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बंद पडलेला तो पट २०२१ च्या अखेरीस सशर्त पुन्हां सुरू झाला आहे. त्या शौकिनांस निदान धांवपट्टी होती, आणि पट झाला कीं जोडी गोठ्यांत परत येई. या गाडीची धांवपट्टी दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडास, नाहीं तर मद्रास-कोइमतुराकडे. अकोल्यास राहून ती पाळणें म्हणजे पटाची जोडी पाळून तिला रोज भाजीबाजारांत नेणें होय.

जिवाची गोष्ट आम्हीं मुद्दाम मागें ठेविली होती, कारण भीति दाखवून तरुणांस पटवितां येत नाहीं. परंतु सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसें गेलीं, त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरचीं. आणि एकंदर मृत्यूंपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या सदरांत येतात. युरोपांत नवशिक्यास प्रथम बेताच्या शक्तीचीच गाडी हांकण्याचा परवाना देतात आणि पायरीपायरीनें पुढें नेतात. आपल्याकडे अठरा वर्षें पुरीं झालेला मुलगा शंभर सी.सी.च्या गाडीवर परीक्षा देतो आणि त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशीं १९० अश्वबळांवर स्वार होऊं शकतो. कायद्यानें न घातलेली पायरी घरानेंच घालावी लागते.

इतकें लिहिल्यावर मुलाची बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. तो म्हणाला, "काका, आजोबांनीं ग्रामोफोन आणि दीडशें तबकड्या घेतल्या तेव्हां उपयोग कोणीं विचारला होता? काकूंचा गोठ वर्षांतून दोनदां पेटींतून निघतो. मी दारू पीत नाहीं, तंबाखू खात नाहीं. दिवसभर पडद्यापुढें बसून मिळवलेल्या पैशांत माझ्या मनाचें एक तरी असूं नये काय?" ओसरीवर कोणासच चटकन् उत्तर सुचलें नाहीं. गोठ मोडला तर पैसा उभा राहतो आणि गाडी दुकानाबाहेर पडतांच उतरते, हें उत्तर खरें असलें तरी पुरें नाहीं. मनाच्या हौसेस किंमत आहे. एकत्र कुटुंबांत ती नेहमींच शेवटीं मोजली जाते, आणि म्हणून मुलें पुढें वेगळीं निघतात. आम्हांस त्याचें म्हणणें मानावेंसें वाटलें. फक्त त्याच्या मनांत आहे तें गाडी बाळगणें कीं गाडी हांकणें, एवढें त्यानें स्वतःशीं ठरवावें.

हांकणें असेल तर शेगांवची वारी, चिखलदऱ्याचा घाट, पावसाळ्यांतला मेळघाट, यांस वीस ते चाळीस अश्वबळें भरपूर होतात. २०२३ सालीं बजाजनें चाकणच्या कारखान्यांत ट्रायम्फची ४०० सी.सी.ची गाडी बांधून २ लाख ३३ हजारांस बाजारांत आणिली. रॉयल एनफील्डच्या ३५० सी.सी.च्या गाड्या तर कराच्या सवलतींतही बसतात. घाटाच्या वळणावर पावणेतीनशें किलोचें धूड सांवरण्यापेक्षां यांवर अधिक गंमत आहे, असें अनुभवी स्वारही म्हणतात. ज्यानें अशा गाडीवर चार-पांच वर्षें काढलीं, ज्याच्या डोक्यावर हप्ता नाहीं, आणि जो वर्षांतून दोनदां धांवपट्टीवर जाण्याची सवड काढील, त्यानें पुढें खुशाल मोठी घ्यावी. आम्ही आड येणार नाहीं.

मुलाची आई एवढा वेळ दारांत उभी होती, तिनें वादांत भाग घेतला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र ती मुलास देवडीपाशीं घेऊन गेली. वाड्याची देवडी जुनी, अरुंद; उंबरठा वीतभर उंच, आणि आंत तीन पायऱ्या. "रोज रात्रीं ही इथून आंत कशी घेशील? तिला मागें येतां येतें का रे?" तिनें विचारलें. मुलगा बराच वेळ उंबरठ्याकडे पाहत राहिला, मग शिवणाच्या पेटींतली टेप आणावयास आंत गेला. आम्ही निघालों तेव्हां मापें घेऊन झालीं होतीं. निर्णय मात्र दिवाळीपर्यंत लांबला होता.